दहा टोले

मी घंटेवर बसायचो.
फुकुओकात, बंदराजवळच्या त्या हॉलमध्ये,
दोरांच्या खालच्या अंगाला, घडीच्या टेबलाशी:
एक हातोडी, एक स्टॉपवॉच, थर्मासमध्ये बार्लीचा चहा.
तिथून दिसायचे ते पायच.
चेहरे वर, दिव्यांत, पैसे मोजून आलेल्यांसाठी.

म्हणून कुराहाशी मला आठवतो घोट्यापासून वर.
डाव्या घोट्याला मळकी पट्टी,
आणि नडगी. वाळूच्या पोत्यावर
त्यानं ती इतकी बडवली होती
की पुढं पुढं तिथं केसही उगवेनात.

यात्सुशिरोचा पोर, बाप तातामीच्या चटया शिवायचा.
मलमाच्या वासाखालून त्याला गवताचा वास यायचा.
मानधन म्हणजे तिकिटांचा गठ्ठा,
विकशील तेवढे पैसे तुझे.
तो ती न्हाव्याला विकायचा, मासळीवालीला,
गणितात नापास करणाऱ्या मास्तरांनाही,
आणि मास्तर येऊन बसायचे, कोट न काढता.
लढतीआधी दोन दिवस पाणी बंद.
काटा पावशेर जास्त दाखवू लागला
तर लिंबाची फोड चोखत, बाटलीत थुंकत,
जिन्याखाली बसून राहायचा. हलका व्हायचा.

एक्केचाळीस लढती. तेवीस जिंकला.
मला उरलेल्या जास्त आठवतात.
एक तर रोज.

पट्ट्याची लढत. समोर वोरावुत,
थायलंडहून आलेला, हसतमुख, गुडघ्यांचा कसबी.
चौथी फेरी सरत आलेली.
कुराहाशीची भुवई उसवलेली,
थेंब माझ्या टेबलाच्या पांढऱ्या कापडावर,
एक, आणि त्याच्या शेजारी आणखी एक.
मी ते बघत राहिलो.
काटा तीन मिनिटांवर आला आणि पुढं गेला.
दोन सेकंद.
तेवढ्यात गुडघा वर आला होता.

पंचांनी मोजायला घेतलं.
हा नेहमी आठाला उठायचा, सवयीनं, कामावर जाणाऱ्यासारखा.
त्या दिवशी आठ आले आणि गेले.

वहीत मी लिहिलं:
चौथी फेरी, दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद.
शाई वाळली. कुणी विचारलं नाही.

सहा वर्षांनी त्याचा निरोप.
आमच्याकडं रीत आहे: दिवे मंद करतात,
माणूस रिंगणाच्या मधोमध उभा राहतो
आणि घंटेचे दहा टोले पडतात.
जन्मभर दहाच्या आत उठायची धडपड केली
त्यानं आता दहापर्यंत नुसतं उभं राहायचं.
उसना सूट होता, बाह्या तोकड्या.
हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं.
नऊ टोले मी बरोबर दिले.
दहाव्याला हात वर गेला आणि तिथंच राहिला.
एक.
दोन.
त्यानं मान वळवली,
आणि इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा
त्याचा चेहरा नीट पाहिला.
मग टोला दिला.

जिन्यात भेटला, कमरेतून वाकला, म्हणाला,
"तुमची हातोडी खिळखिळी झालीय हो.
दांड्यात एक चूक ठोकून घ्या."
घरी येऊन मी डबा उपसला,
एक बारीक चूक सापडली, ती ठोकली.

परवा दोन जुन्या चटया घेऊन त्याच्या दुकानात गेलो.
रिंगणात कोपराला बंदी होती.
इथं कोपराशिवाय टाका बसत नाही:
सुई आरपार, दोरा ओढायचा,
वरून कोपराचा दाब, बाजूला गुडघा,
आणि तोंडातून तोच जुना, दाबलेला फुत्कार.
मी काहीतरी सांगायला गेलो होतो.
तो म्हणाला, वोरावुतचं पत्र आलंय,
डॉक्टरांनी त्याचा उजवा गुडघा बदलला, धातूचा बसवला.
"आता मारला असता तर," असं म्हणून
तो इतका हसला की सुई हातातून सुटली.
मीही हसलो. चहा झाला.

संध्याकाळी चटया घेऊन परत आलो.
नवं गवत हिरवं असतं.
पिवळं पडायला वर्ष जातं, तो म्हणाला होता,
तोवर उन्हात ठेवू नका.